साडेपाचची एसटी आणि पोरींचा रोबोट

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्या काकू, मावश्या, वहिनी आणि पुस्तक समोर धरून कान मात्र रेडिओकडे लावलेल्या पोरी, सगळ्यांना आमच्या गटांकडून नमस्कार.

मागच्या खेपेला आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. त्याआधी बँकेच्या कर्जप्रकरणावर. आजचा विषय ऐकून आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. विषय आहे शाळेतला रोबोटिक्सचा संघ. खो-खोचा असतो, कबड्डीचा असतो, तसा रोबोट बनवणाऱ्या पोरापोरींचा संघ. आपल्या पोरीनं त्यात जावं का, गेली तर काय होतं, आणि गेल्या वर्षभरात आम्हाला काय काय निस्तरावं लागलं, ते आज सांगतो.

सुरुवात भांडणानं करावी लागेल, कारण ती तशीच झाली.

गेल्या आषाढातली गोष्ट. वरच्या वस्तीवरची नववीतली एक पोरगी साडेपाचच्या एसटीनं घरी आली नाही. बाकीच्या पोरी उतरल्या, ही नाही. आई फाट्यावर उभी. कुणी म्हणालं, शाळेतच होती. कुणी म्हणालं, पोरांबरोबर होती. झालं! आईच्या पायातलं बळच गेलं. तिनं आम्हाला फोन केला, आम्ही गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं, आणि सात वाजता चार बाया आणि एक मोटारसायकल घेऊन शाळेत पोचलो. शाळेच्या मागच्या खोलीत दिवा होता. आत पंधरा लेकरं, विज्ञानाचे सर खुर्चीत वही तपासत बसलेले, आणि आमची पोरगी टेबलाखाली पालथी पडून हरवलेला स्क्रू शोधत होती.

आईनं तिला बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. पोरगी रडली नाही. तिनं मूठ उघडून दाखवली. त्यात तो स्क्रू होता.

त्या रात्री आम्हीही त्या सरांना बोल बोल बोललो. खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं बरोबर होतं. पोरगी थांबणार हे घरी कळवायला नको होतं का? सरांनी चूक मान्य केली आणि म्हणाले, सोमवारी दिवसाउजेडी या, ही लेकरं काय करायलीत ते बघा, मग ठरवा.

सोमवारी आम्ही पाच जणी गेलो. ती खोली म्हणजे अटल टिंकरिंग लॅब. केंद्र सरकारच्या नीती आयोगाची ही योजना २०१६ सालापासून आहे. सहावी ते बारावीच्या लेकरांनी हातानं वस्तू बनवून शिकावं म्हणून शाळेला त्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. देशात अशा १० हजार लॅब झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार करू असं जाहीर झालं आहे. म्हणजे तुमच्या शाळेत आज नसेल तर उद्या येऊ शकते. आणि असूनही तुम्हाला ठाऊक नसेल, असंही होऊ शकतं. आमच्याकडे ती खोली दोन वर्षं कुलपात होती. का, तर सामान महागाचं, लेकरं खराब करतील! आमच्या एका आजीबाईंनी लगेच विचारलं, नवं लुगडं पेटीतच ठेवलं तर त्याला कसर लागत नाही का? नवे सर आले आणि त्यांनी कुलूप काढलं.

आता रोबोट म्हणजे काय? आम्हाला वाटलं होतं, टीव्हीत दाखवतात तसा माणसासारखा चालणारा पुतळा असेल. टेबलावर होती एक दीड फूट लांब-रुंद चौकट. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, चार चाकं, प्रत्येक चाकाला छोटी मोटर, मध्ये बॅटरी आणि तळहाताएवढा हिरवा बोर्ड. हा बोर्ड म्हणजे त्याचं डोकं. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या शेतावर पंपाला मोबाईलचा स्टार्टर आहे. घरून फोन लावला की पंप चालू, पाणी संपलं की आपोआप बंद. तो पंप पाणी संपलेलं ओळखतो आणि स्वतः थांबतो. रोबोटचं मूळ तेवढंच. काहीतरी जाणायचं, त्यावरून ठरवायचं, आणि हलायचं. लेकरांच्या रोबोटला पुढे दोन गोल डोळे होते. एका डोळ्यातून आवाज सुटतो, आपल्याला ऐकू न येणारा, तो समोरच्या वस्तूवर आपटून दुसऱ्या डोळ्यात परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून वस्तू किती लांब ते कळतं. वटवाघूळ असंच अंधारात उडतं. आमच्यातल्या एकीनं समोर हात धरला, तशी ती गाडी थांबली आणि वळली. मग प्रत्येकीनं हात धरून बघितला. पाचव्या बाईची पाळी येईपर्यंत बॅटरी उतरली.

पण आम्हाला जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सर काहीच करत नव्हते. किल्ली त्यांच्याकडे, विजेचं मुख्य बटण त्यांच्याकडे, आणि कुणाला लागलं तर औषधाची पेटी त्यांच्याकडे. बाकी सगळा कारभार लेकरांचा. संघाचा कप्तान लेकरांनी निवडलेला. खजिनदार दहावीतली पोरगी. भांडारप्रमुख वेगळा, तो प्रत्येक पाना-पक्कड लिहून देतो आणि लिहून परत घेतो. शिवाय एक कामाची वही. रोज तारीख टाकायची, आज काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं, कुणी केलं ते लिहायचं आणि खाली सह्या. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. बायांनो, हा तर आपला बचत गटच की! नियमित बैठक, नियमित हिशोब, ठरावाची वही. फरक इतकाच की आपण पैसे फिरवतो, ते चाकं.

ही पद्धत कुठून आली तेही सरांनी सांगितलं. अमेरिकेत डीन केमन नावाच्या संशोधकानं १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. खेळाडूंसाठी पोरं जशी वेडी होतात तशी विज्ञानासाठी का होऊ नयेत, हा त्याचा प्रश्न. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, २८ संघांची. आज तिचे वेगवेगळे प्रकार जगभर चालतात. त्यातल्या फर्स्ट टेक चॅलेंज या १२ ते १८ वर्षांच्या लेकरांच्या स्पर्धेत आपल्या देशातलेही संघ उतरतात. तिथं सामना अडीच मिनिटांचा असतो. पहिले ३० सेकंद कुणी हात लावायचा नाही, रोबोटनं स्वतःच्या डोक्यानं चालायचं. मग दोन मिनिटं लेकरांनी तो चालवायचा. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या खोक्यात मावला पाहिजे. आणि एक गंमतीचा नियम आहे. दोन-दोन संघांची जोडी करून खेळायचं, आणि जोडी दर सामन्याला बदलते. आत्ता जो समोर आहे तोच पुढच्या डावात तुमच्या बाजूला असतो. त्यामुळे समोरच्याचा रोबोट बिघडला तर लोक आनंदानं टाळ्या पिटत नाहीत, पाना घेऊन धावतात. भावकीत हा नियम आणावा असं आमच्या एका वहिनींचं मत पडलं.

आमच्या शाळेचा संघ काही त्या मोठ्या स्पर्धेत नव्हता. तिचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही. तालुक्याच्या गावी काही शाळांनी मिळून तशाच नियमांची छोटी स्पर्धा ठरवली होती, संक्रांतीनंतर. तीच या लेकरांची पंढरी.

ठीक. बघितलं, पटलं. पण एसटीचं काय?

शाळा सुटते पाचला. पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ती योजना आहे. काही तालुक्यांत मानव विकासची निळी बस पोरींसाठीच धावते. पण पास फुकट असून उपयोग काय, साडेपाचनंतर आमच्या वाटेला गाडीच नाही. आगारात अर्ज दिला. अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढं काही झालं नाही. दुसरा दिला, त्याचंही तेच. पोरांचं काय, ती कुणाच्याही गाडीवर बसून येतात. म्हणजे संघ सगळ्यांना खुला, पण संध्याकाळ फक्त पोरांना खुली. कितीतरी ठिकाणी पोरी अशाच गळतात आणि मग लोक म्हणतात, त्यांना यंत्राची आवडच नसते.

शेवटी आम्ही आमचंच बघितलं. रोज थांबायचं नाही, सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच दिवस. साडेसहाला दूध गोळा करणारा टेम्पो शाळेवरून वस्त्यांकडे जातो, त्या भावाशी बोललो. पोरींबरोबर गटातली एक बाई रोज बसणार, पाळीपाळीनं. पाळ्यांचा कागद शाळेतही लावला आणि डेअरीतही. ज्या बाईची पाळी ती साडेपाचलाच जाऊन लॅबमध्ये बसायला लागली. कुणी मेथी निवडत बसायची, कुणी गोधडीला टाके घालायची. आणि बसल्या जागी बाया बघायला लागल्या. हे पुढं फार उपयोगी पडलं.

मग आला पैशाचा प्रश्न. भाद्रपदातल्या बैठकीत संघाची खजिनदार पोरगी, वेण्या घट्ट बांधून, वही छातीशी धरून आली. म्हणाली, आम्हाला ४,८०० रुपये कर्ज पाहिजे. दोन मोटरी जळाल्या, एक बॅटरी लागते आणि स्पर्धेला जायचं भाडं. जानेवारीपर्यंत फेडू, व्याज तुमचं जे असेल ते. बैठकीत शांतता. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. गट कर्ज देतो ते सभासदाला, आणि ती तर लहान लेकरं. नियम मोडला तर उद्या कुणीही येईल. एक जण म्हणाली, देऊन टाका, आपलीच लेकरं. तिला आमच्या अध्यक्षांनी गप्प केलं. आम्हाला वाटतं त्यांनी बरोबर केलं. दया म्हणून दिलेले पैसे हिशोबात कधीच बसत नाहीत. शेवटी असं ठरलं, संघातल्या सहा पोरींच्या सहा आयांनी प्रत्येकी ८०० रुपये अंतर्गत कर्ज घ्यायचं. शेकडा दीड व्याज, म्हणजे आठशेला महिन्याला बारा रुपये. आणि फेडायचं पोरींनी.

नऊ पोरांच्या घरून काय, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. पोरांनी त्यांचा वाटा वर्गणीनं काढला, त्यांना घरून चटकन मिळाली. पोरींनी आठवडी बाजारात बसून बॅटऱ्या दुरुस्त केल्या. रात्री शेतात पाणी द्यायला जाताना लागते ना, ती हातातली बॅटरी. बहुतेकींचं बटण गेलेलं असतं नाहीतर आतली तार सुटलेली असते. एक डाग दिला की चालू. दहा रुपये, वीस रुपये. विजेवर चालणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हा सरांचा नियम. पहिल्या बाजारात गिऱ्हाईक हसत होतं, तिसऱ्या बाजारात रांग लागली. एका आजोबांनी तर श्रवणयंत्र आणलं होतं, ते त्यांनी न उघडता परत दिलं.

आता जरा नाजूक गोष्ट. ती सांगावी की नको यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. पण रेडिओवर गोड तेवढंच सांगायचं असेल तर रेडिओ कशाला पाहिजे?

आमच्या एका गटाच्या सचिव, सातवी शिकलेल्या, एका शुक्रवारी पाळीवर बसल्या असताना त्यांनी सहज ती कामाची वही चाळली. ठरावाची वही तपासायची त्यांना सवय. पंधरा-वीस पानं उलटली आणि त्यांच्या लक्षात आलं, पोरींची नावं ठरावीक जागीच येतात. फलक रंगवला, अमुक ताई. वही लिहिली, तमुक ताई. टेबल पुसलं, स्क्रू वेगळे केले, सजावट केली. आणि मोटर जोडली, प्रोग्रॅम लिहिला, रोबोट चालवला, तिथं पोरांची नावं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. कप्तान पोरगा सरळ मनाचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, त्यांचं अक्षर चांगलं आहे ना.

हे ऐकून आम्ही हसलो, पण ते हसू वेगळं होतं. आपल्या गटांची पहिली वर्षं आठवा. गट बायांचा, सही बायांची, आणि पासबुक कुणाच्या खिशात असायचं? हिला बँकेतलं कळत नाही, हे किती जणींनी ऐकलं आहे? ते पासबुक परत आपल्या पिशवीत यायला आमच्याकडे तीन वर्षं लागली. पोरींना तीन वर्षं नव्हती, त्यांना डिसेंबरपर्यंत शिकायचं होतं.

आम्ही सरांकडे तक्रार नेली नाही. संघ लेकरांचा, तर ठराव लेकरांनीच करायला पाहिजे. पोरींना एवढंच सांगितलं, पुढच्या बैठकीत वहीतली नावं मोजून दाखवा, बोलू काही नका. त्यांनी मोजून दाखवली. पोरं आधी चिडली, मग गप्प झाली, आणि ठराव झाला, दर पंधरा दिवसांनी काम बदलेल. वही लिहायची पाळी पोरांवर आली. एका पूर्ण पानावर नुसतं 'मोटर बिघडली' एवढंच लिहिलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या बदलात प्रोग्रॅमचं काम आलं ते टेबलाखाली स्क्रू शोधणाऱ्या आपल्या पोरीकडे. प्रोग्रॅम म्हणजे बोर्डाला दिलेल्या सूचना, ओळीनं लिहिलेल्या. दोन्ही चाकं फिरव. समोर काही आलं तर थांब. उजवं चाक थांबव, डावं एवढा वेळ फिरव, म्हणजे गाडी वळेल. एक खूण चुकली तर सगळं अडतं. तिला ते असं जमलं की बारावीची पोरं तिच्यामागे उभी राहून बघायची.

आणि दिवाळीच्या तोंडावर ती गेली. तुम्हाला कळलंच असेल कुठं. तिच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता निघाला. दरवर्षी ती आजीपाशी राहायची. आजी श्रावणात वारली. घरी ठेवायला कुणी नाही, धाकटा भाऊ सांभाळायला पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून ती कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर गेली.

संघानं तिचं नाव खोडलं नाही. तिच्या आईच्या ८०० रुपयांतले जे राहिले होते ते बाकीच्या पोरींनी बाजारात बसून फेडले. जानेवारीच्या बैठकीत सहाही कर्जं बेबाक झाली.

इथं आम्ही तुम्हाला एक लांबची गोष्ट सांगतो. ती आम्ही सरांकडून ऐकली आणि तेव्हापासून प्रत्येक गटात सांगतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे, वाळवंटातलं. तिथल्या कार्ल हेडन नावाच्या सरकारी शाळेत मेक्सिकोतून पोटासाठी आलेल्या लोकांची लेकरं शिकायची. लहानपणीच आईबापांबरोबर सरहद्द ओलांडून आलेली, कागदपत्रं नाहीत, कधी परत पाठवतील याचा नेम नाही. त्यातल्या चौघांनी २००४ साली पाण्याखाली चालणारा रोबोट बनवला. वाळवंटात! पैसे जेमतेम आठशे डॉलर गोळा झालेले. पाण्याच्या नळाला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पाइपांची चौकट केली. आणि मोठमोठ्या कॉलेजांच्या गटात नाव दिलं, जिथं एमआयटी नावाच्या जगप्रसिद्ध संस्थेचा संघ होता.

स्पर्धेच्या ठिकाणी बघतात तर रोबोटच्या पेटीत पाणी झिरपतंय. आत विजेचं सगळं सामान. आता इतक्या कमी जागेत पाणी शोषून घेणारं काय मिळेल? त्यांना सुचलं ते आपलंच, पाळीत वापरायचं सामान. तिकडे बाया आत घालायच्या कापसाच्या गुंडाळ्या वापरतात, टॅम्पॉन म्हणतात त्याला. एका पोराला दुकानात पाठवलं. ते लाजून लाजून अर्धमेलं झालं, शेवटी दुकानातल्या एका बाईलाच विचारलं. तिनं चांगल्यातलं निवडून दिलं. त्या गुंडाळ्या पेटीत घातल्या, पाणी शोषलं गेलं, रोबोट चालला, आणि त्या चौघांनी एमआयटीला मागे टाकून पहिला नंबर काढला.

ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या बैठकीत पाच मिनिटं कुणाला बोलता येईना, इतक्या सगळ्या हसत होत्या. मग एक जण म्हणाली, आपल्या पोरी अजून दुकानात ते काळ्या पिशवीत घालून मागतात, आणि तिकडे पोरांनी त्याच्यावर बक्षीस आणलं.

बक्षिसानं सगळं मिटलं असं मात्र नाही. त्यांच्यातला एक जण पुढे इंजिनिअर झाला, पण कागद नाहीत म्हणून नोकरी नाही. त्याला मेक्सिकोला परत जाऊन, रांगेत उभं राहून, कागद घेऊन यावं लागलं. हुशारी एका जागी आणि कागद दुसऱ्या जागी. अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या सहा पोरींचंही तसंच. २०१७ साली वॉशिंग्टनला दीडशेहून जास्त देशांच्या लेकरांची रोबोटची स्पर्धा होती. या पोरींना अमेरिकेनं व्हिसा दोनदा नाकारला. जगभर बोंब झाली तेव्हा कुठं मिळाला. त्या गेल्या, खेळल्या आणि धाडसाचं रौप्यपदक घेऊन आल्या. आपली साडेपाचची एसटी आणि त्यांचा व्हिसा, अडवायची रीत एकच.

असो. आमच्या स्पर्धेकडे येऊ. आदल्या रात्री लॅबमध्ये रडारड. ३० सेकंदांच्या भागात रोबोट जास्तच वळत होता आणि जाऊन भिंतीला धडकत होता. काल नीट वळत होता, आज का नाही? प्रोग्रॅमला कुणी हात लावलेला नाही. शेवटी पोरींनी कोल्हापूरकडे फोन लावला. पलीकडे उसाच्या फडावरून नुकतीच खोपीवर आलेली आपली पोरगी. भावाला भरवता भरवता तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, बॅटरी नवी टाकली का? टाकली होती, स्पर्धा म्हणून. मग ती म्हणाली, नवी बॅटरी जोरात फिरवते, तेवढ्याच वेळात चाक जास्त वळतं. वळायचा वेळ कमी करा. केला. गाडी सरळ गेली. फोनवर टाळ्या ऐकवल्या, तेवढ्यात तिच्या मोबाईलची बॅटरी संपली.

स्पर्धेत अकरा संघ होते, आपला सातवा आला. पहिल्या सामन्यात मोटरची तार तुटली आणि गाडी जागीच गोल गोल फिरत राहिली. शिवणकाम करणारी आमची एक सभासद सोबत होती. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, अगं, तारेला ताण आहे, चाक वळलं की ओढ बसते, थोडी सैल सोड आणि मुळापाशी बांध. आपण बटणाला दोरा गुंडाळतो तसं. पोरींनी पट्टी गुंडाळली, ती तार मग शेवटपर्यंत तुटली नाही. ज्या संघानं पहिल्या डावात हरवलं, तोच तिसऱ्या डावात जोडीला आला आणि त्यांनी आपल्याला चार्ज केलेली बॅटरी दिली. तो एक सामना जिंकलो. घरी येताना टेम्पोत अशी गाणी म्हटली की जणू पहिला नंबर आला.

तुमच्या पोरीला जायचं असेल तर थोडं आमच्या अनुभवातलं ऐका. शाळेत एकदा स्वतः जा. किल्ली कुणाकडे आणि लेकरं असताना मोठं माणूस कोण असतं, ते विचारा. पोरगी परत कशी येणार ते आधी ठरवा, मग हो म्हणा. कामाची वही मागा आणि पोरीचं नाव कुठल्या कामापुढे येतं ते बघा. वेणी वर बांधून, ओढणी काढून ठेवून काम करायचं, फिरत्या चाकाशी ओढणीचा खेळ नको. डाग देताना डोळ्यांवर चष्मा पाहिजे, आणि डाग द्यायच्या तारेत बहुतेक वेळा शिसं असतं म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आमच्या एकीचं बोट भाजलं, आजीनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. बॅटरी घरी आणून रात्रभर चार्जिंगला लावू देऊ नका. सहामाहीत एकीचे गणिताचे गुण कमी आले, हेही सांगतो, तिनं मग बुधवार सोडला. यातून नोकरी लागेल का, असं सगळे बाप विचारतात. तसं वचन आम्ही देणार नाही. दहावीनंतर आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला जायचं म्हणणाऱ्या पोरी आमच्याकडे आता तीन आहेत, मागच्या वर्षी एकही नव्हती. एवढंच आमच्या पदरात आहे.

आता फाल्गुन आहे. गुढीपाडव्याच्या पुढेमागे कोयते परत येतील. ती पोरगी आली की आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहाची योजना आहे. तिचा अर्ज जूनमध्येच भरायचा, दसऱ्याला आईबाप निघायच्या आत तिची जागा झाली पाहिजे. धाकट्या भावाचं काय, हा प्रश्न तिची आई पहिल्यांदा विचारणार आणि त्याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. दोन घरं पाहून ठेवली आहेत, बोलणं व्हायचं आहे. तुमच्या गावातून दर वर्षी किती कोयते जातात आणि त्यात शाळेतल्या किती पोरी असतात, ते येत्या महिन्याच्या बैठकीत गटागटानं लिहून आणा. यादी प्रभागसंघात द्या, अर्ज भरायला आम्ही बसू.

येतो बायांनो. पुढच्या खेपेला उन्हाळ्यातल्या चाऱ्यावर बोलू. नमस्कार.